मरणाबद्दल चारचौघांत मोकळेपणाने बोलायची बैठक: कशी जमवायची, कशी चालवायची

आपल्याकडे माणूस गेला की शंभर-दोनशे लोक सहज जमतात. स्मशानात कठड्यावर बसून, दहाव्याला घाटावर उभं राहून, भेटायला गेलो की सोफ्याच्या कडेला अवघडून बसून आपण मरणाबद्दल बोलतच असतो, फक्त ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस तेव्हा ऐकायला नसतो. आणि त्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं, "त्यांना काय हवं होतं ते कधी विचारलंच नाही हो." व्हेंटिलेटर लावायचा की नाही, शेवटी घरी आणायचं की हॉस्पिटलमध्येच ठेवायचं, डोळे द्यायचे होते का, तेरावा करायचा होता का, सगळं अंदाजाने ठरतं आणि मग भावाभावांत वर्षानुवर्षं धुसफूस चालते की सही तू केलीस, नको तू म्हणालास.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात आणि आसपासच्या सोसायट्यांमध्ये अशा बैठका घ्यायला मी मदत करते, बरेच जण विचारतात की आम्हाला आमच्याकडे करायचं आहे तर सुरुवात कुठून करू, म्हणून जमेल तितकं सविस्तर लिहितेय. बैठकीचा उद्देश एकच ठेवा, इथून उठून गेलेला माणूस त्या आठवड्यात आपल्या घरच्यांशी या विषयावर एक तरी वाक्य बोलला पाहिजे. बाकी सगळं त्यासाठी.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण "हे परदेशी फॅड आहे" असं कोणीतरी म्हणणारच. स्वित्झर्लंडमध्ये बर्नार्ड क्रेटाझ या समाजशास्त्रज्ञाने २००४ मध्ये न्यूशातेल गावात कॅफेत बसून मरणावर गप्पा मारायचा कार्यक्रम सुरू केला. त्यावरून २०११ मध्ये लंडनला जॉन अंडरवुड यांनी स्वतःच्या घरी पहिला 'डेथ कॅफे' भरवला, गप्पा चालवायला त्यांची आईच होती, ती मानसोपचारतज्ज्ञ. चहा, केक, कुठलाही ठराव नाही, कुठलीही विक्री नाही, इतकंच. ते स्वतः २०१७ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी अचानक गेले पण ही पद्धत देशोदेशी पसरली. आता आपल्याकडचं बघा. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला लाखो लोक ज्ञानेश्वर माऊलींच्या समाधीचा सोहळा करतात, समाधीच्या प्रसंगाचं कीर्तन ऐकताना आजही माणसं घळाघळा रडतात. म्हणजे निरोपाबद्दल सगळ्यांनी मिळून बसून ऐकणं आपल्याला अजिबात परकं नाही. आपण फक्त स्वतःच्या निरोपाबद्दल बोलायचं टाळतो.

पहिली गोष्ट: बोलायची बैठक वेगळी, माहितीची वेगळी

हे मी सगळ्यात वर ठेवते कारण बहुतेक ठिकाणी इथेच गाडं अडतं. उत्साही सेक्रेटरी काय करतात, एक डॉक्टर बोलावतात, एक वकील बोलावतात, प्रोजेक्टर लावतात, आणि दीड तास अवयवदान आणि मृत्युपत्रावर व्याख्यान होतं. लोक टाळ्या वाजवून वडापाव खाऊन घरी जातात. माहिती मिळते पण कोणी स्वतःबद्दल एक शब्द बोललेलं नसतं, आणि जो माणूस स्वतःबद्दल बोलला नाही तो फॉर्म घरी नेऊन कपाटात ठेवतो. म्हणून आधी एक किंवा दोन बैठका नुसत्या बोलायच्या घ्या, तज्ज्ञ कोणी नको. प्रश्न आपोआप गोळा होतात, त्यानंतर माहितीची बैठक घ्या म्हणजे डॉक्टरलाही कळतं की या लोकांना नेमकं काय विचारायचं आहे.

माणसं किती, कुठे, केव्हा

आठ ते बारा माणसं बास. पंधराच्या वर गेली की दोन गोल करा आणि दुसऱ्या गोलाला वेगळा सूत्रधार द्या. हॉल भरला पाहिजे हा हट्ट सोडा, हा काही गणपतीचा कार्यक्रम नाही.

जागा म्हणून सोसायटीचं क्लबहाऊस, संघाचं विरंगुळा केंद्र, वाचनालयाची खोली, काहीही चालेल, फक्त दार बंद करता आलं पाहिजे आणि बाजूला टेबल टेनिस चालू नको. कोणाच्या घरी घेत असाल तर त्या घरात नुकतं कोणी गेलेलं नसावं, नाहीतर ती भेटायला गेल्यासारखीच बैठक होते. गुडघे दुखणारे लोक असतात म्हणून खुर्च्याच हव्यात, लिफ्ट नसेल तर तळमजला बघा, बाथरूम जवळ हवं.

वेळ दुपारी चार ते साडेपाच. रात्री घेऊ नका, हा विषय डोक्यात घेऊन वयस्कर माणसं थेट झोपायला गेली की झोप लागत नाही, उजेडात संपलं की खाली चार माणसांत फेरी मारून मग घरी जातात. दिवस निवडताना सणवार बघा, कोणाच्या घरचं कार्य तोंडावर असेल तर त्यांना त्या वेळी आग्रह करू नका. पितृपंधरवडा मात्र मला फार योग्य वाटतो, त्या दिवसांत घरोघरी गेलेल्यांची आठवण निघालेलीच असते, बोलणं सोपं जातं.

चहा हवाच. सोबत खायला काहीतरी साधं, बिस्किटं, चिवडा. हातात कप असला की माणसाला बोलायला आधार मिळतो, गप्प बसायलाही.

निमंत्रण कसं द्यायचं

व्हॉट्सअॅप ग्रुपवर "मृत्यू: एक चिंतन" असं काही टाकलंत तर निम्मे लोक प्रवचन समजतील आणि उरलेले घाबरतील. साधं लिहा. मी साधारण असं लिहिते: "शनिवारी चार वाजता क्लबहाऊसमध्ये चहाला या. आपण आपल्या शेवटच्या दिवसांबद्दल, आजारपणाबद्दल, मागे राहणाऱ्यांबद्दल मोकळेपणाने बोलणार आहोत. भाषण नाही, तज्ज्ञ नाहीत, काही विकायचं नाही. नुसतं ऐकायला आलात तरी चालेल." हे शेवटचं वाक्य विसरू नका, अर्धे लोक त्याच्यावर येतात.

"अभद्र कशाला बोलायचं", "वास्तू तथास्तु म्हणते" हे येणारच. वाद घालू नका. "बरोबर आहे काका, ज्यांना नको वाटतं त्यांनी नाही आलं तरी चालेल" एवढंच म्हणा. असं म्हणणारी माणसं बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला दाराशी येऊन उभी राहतात, तेव्हा खुर्ची पुढे करा आणि आधी काय म्हणाला होतात ते चुकूनही काढू नका.

ग्रुपवरच्या मेसेजवर अवलंबून राहू नका. चार जणांना प्रत्यक्ष जाऊन सांगा, आणि त्यात चाळीस-पंचावन्न वयाचे लोक मुद्दाम घ्या. आपण ही बैठक ज्येष्ठांची समजतो पण आयसीयूबाहेर सही करायला हेच लोक उभे असतात, रात्री दोन वाजता डॉक्टर यांनाच विचारतात "काय करायचं बोला". त्यांना आईवडिलांशी हा विषय कसा काढायचा ते समजत नसतं आणि आईवडिलांना वाटत असतं की मुलांना वाईट वाटेल, म्हणून दोघंही गप्प.

ज्यांच्या घरी नुकतंच कोणी गेलंय त्यांना काय सांगायचं? पहिले दोन-तीन महिने स्वतःहून बोलावू नका, पण यायचं म्हणाले तर अडवू नका. फक्त आधी फोन करून सांगा की तिथे असं असं बोलणं निघेल, मध्येच उठून गेलात तरी कोणी काही म्हणणार नाही.

बसवायचं कसं आणि नियम काय सांगायचे

खुर्च्या गोल मांडा. स्टेज नको, माईक नको, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे यातलं काहीही नको, आणि फोटो तर मुळीच नको. फोटो ग्रुपवर पडणार हे कळलं की माणूस फोटोपुरतंच बोलतो.

नियम सुरुवातीला दोन मिनिटांत साध्या शब्दांत सांगायचे. इथलं बोलणं इथेच राहील. प्रत्येकाने स्वतःबद्दल बोलायचं, दुसऱ्याच्या घरातलं नाही. कोणी सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने तोडायचं नाही. बोलायचं नसेल तर "पुढे" म्हणायचं, कारण विचारणार नाही. आणि ही समुपदेशनाची जागा नाही, कोणाला खूप त्रास होत असेल तर आपण योग्य माणसाकडे जायला मदत करू.

सूत्रधार एक आणि सोबतीला एक, असे दोघं असू द्या. सोबतीच्या माणसाचं काम बोलायचं नाही, बघायचं. कोण उठून बाहेर गेलं, कोणाला पाणी हवंय, कोण मघापासून रुमाल चुरगळतंय, हे त्याने बघायचं आणि गरज पडली तर त्या माणसाबरोबर बाहेर जाऊन बसायचं. हा दुसरा माणूस नसेल तर बैठक पुढे ढकला, इतकं त्याचं महत्त्व आहे.

पहिला प्रश्न

सगळी बैठक पहिल्या प्रश्नावर ठरते. "मृत्यूनंतर काय असतं असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न कधीही पहिला घेऊ नका. लगेच कर्म, पुनर्जन्म, आत्मा यावर ज्यांनी वाचलेलं असतं ते सुरू होतात आणि बाकीचे श्रोते होऊन जातात. "तुम्हाला मरणाची भीती वाटते का?" हाही नको, सगळे "छे, मला काही नाही वाटत" म्हणून मोकळे होतात.

मी विचारते, "तुम्ही लहानपणी पहिल्यांदा घरातलं कोणी गेलेलं पाहिलं ते आठवतं का?" याला उत्तर प्रत्येकाकडे असतं. सत्तरीतली माणसं सांगतात की आजीला जमिनीवर घेतलं होतं, तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान ठेवलं, आम्हा मुलांना शेजारच्या काकूंकडे पाठवलं आणि कोणी काही सांगितलंच नाही. कोणी सांगतं पिंडाला कावळा शिवेना म्हणून वडील हात जोडून काय काय वचनं देत होते. जुनी गोष्ट असते म्हणून सांगताना सोपं वाटतं, आणि सांगता सांगता माणूस स्वतःच आजच्यावर येतो, "तेव्हा सगळे घरात होते, आता माझ्या वेळी कोण असेल माहीत नाही." इथे घाई करू नका. थोडा वेळ शांतता राहू द्या, ती भरायला बोलू नका.

पुढचे प्रश्न बैठकीचा सूर बघून घ्यायचे. शेवटचे दिवस कुठे काढायला आवडतील, घरी की हॉस्पिटलात? भीती नेमकी कशाची, जायची की अंथरुणाला खिळून परस्वाधीन व्हायची? (आमच्याकडे जवळपास सगळे दुसरं उत्तर देतात, आणि हे उत्तर ऐकून तरुण मंडळी चमकतात, कारण ती आईवडिलांना जगवायच्या मागे असतात आणि आईवडिलांची काळजी वेगळीच असते.) तुम्ही गेल्यावर काय केलेलं चालणार नाही? कोणाला काही सांगायचं राहिलंय का? एका बैठकीत दोन किंवा तीन प्रश्न पुरतात. यादी संपवायची नसते.

एकटे राहणाऱ्या लोकांसाठी एक प्रश्न वेगळा ठेवा, "तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?" ऐकायला साधा आहे पण त्यातून रात्री-अपरात्री काही झालं तर कोणाला कळेल, फोन कोण करेल, हे सगळं निघतं, आणि शेजारी शेजारी बसलेले लोक तिथल्या तिथे एकमेकांत ठरवून टाकतात.

अडचणी येतात त्या अशा

रडू. येणारच, आलं पाहिजे. लगेच पाठीवर हात, "रडू नका हो", पाण्याची बाटली, हे सगळं थांबवा. रडणाऱ्या माणसाला वाटतं आपण सगळ्यांना अडचणीत टाकलं आणि तो आवरतं घेतो. सूत्रधाराने शांतपणे बसून राहायचं, थोड्या वेळाने विचारायचं, "पुढे सांगायचंय की थांबूया?" बस. पुरुषांचं रडू वेगळ्या वाटेने येतं, ते अचानक हॉस्पिटलच्या बिलाबद्दल जोरजोरात बोलायला लागतात किंवा उठून खिडकीपाशी जातात, तेही रडणंच आहे हे ओळखा.

सगळा वेळ घेणारा. प्रत्येक संघात असतो. त्याला तोडताना "तुमचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, यावर बाकीच्यांचा अनुभव ऐकूया" म्हणून डावीकडच्या माणसाकडे वळा. ऐकत नसेल तर पुढच्या वेळी आधी भेटून, त्यालाच वेळ बघायचं काम द्या.

धर्मावरून वाद. एक म्हणतो विधी सगळे थोतांड, दुसरा म्हणतो दशक्रिया झाली नाही तर गती नाही, आणि मिश्र वस्तीत दफन, दहन, विद्युतदाहिनी, गॅसदाहिनी यावरही होतं. इथे एकच वाक्य कामाला येतं, "बरोबर काय ते नको, तुम्हाला स्वतःला काय हवंय ते सांगा." प्रत्येकाचं स्वतःचं उत्तर आलं की वाद विरतो.

नवरा-बायको. शेजारी शेजारी बसवू नका. एक बोलायला लागला की दुसरा "यांना असं नाही म्हणायचं" म्हणून दुरुस्त करतो. समोरासमोर बसले की एकमेकांचं ऐकतात. कितीतरी बायका पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सांगतात की मला यांच्या आधी जायचं नाही, यांचं कोण करेल.

प्रॉपर्टी. बोलणं फ्लॅट कोणाच्या नावावर यावर गेलं की थांबवा, "हे माहितीच्या बैठकीला घेऊ". नाहीतर उरलेला तास तेच.

गंभीर आजारी माणूस हजर असेल तर त्याला उदाहरण करू नका आणि त्याच्याकडे बघून आवाजही खाली आणू नका. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त बोलायचं असतं आणि सगळ्यात कमी लोक त्याला बोलू देतात, "तू पॉझिटिव्ह राहा" म्हणून त्याचं तोंड बंद केलं जातं. त्याला इतरांसारखाच प्रश्न विचारा.

आणि एक गोष्ट अगदी काळजीपूर्वक. "आता देवाने न्यावं", "खूप झालं जगून" असं वयस्कर माणसं सहज म्हणतात, बऱ्याचदा त्यात थकवा असतो, आणखी काही नसतं. पण कोणी सांगू लागलं की झोप उडालीय, जेवण जात नाही, कोणावर ओझं नको, मी ठरवलंय, तर ते गोलात चघळू नका. बैठकीनंतर बाजूला घेऊन सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, घरच्यांपैकी विश्वासाच्या माणसाला कळवा, आणि टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक त्रासात मदत करणारा सरकारी मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, तिथे स्वतः फोन लावून द्या. हा नंबर प्रत्येक बैठकीत फळ्यावर लिहून ठेवा.

संपवताना समारोपाचं भाषण नको. प्रत्येकाला विचारा, "घरी जाऊन एक गोष्ट कोणाशी बोलाल?" नाव घेऊ द्या, मुलगी, भाऊ, सून. परत चहा. आणि दोन दिवसांनी जे सगळ्यात कमी बोलले त्यांना फोन करा.

माहितीची बैठक

आता डॉक्टर, वकील बोलवा, पण प्रश्न आधी लिहून द्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न लिव्हिंग विलवर येतात, म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्यावर, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर जवळपास बेचाळीस वर्षं भान हरपलेल्या अवस्थेत अंथरुणाला खिळून होत्या, तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, २०१५ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या प्रकरणात २०११ साली सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा, अगदी मर्यादित परिस्थितीत, उपचार थांबवायची वाट मान्य केली. मग ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल दोन्ही मान्य झालं, पण रीत इतकी किचकट होती की कोणाला जमेना, ती २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेला कोणीही माणूस लिहून ठेवू शकतो की मी बरा होण्याची आशा नसलेल्या आजारात असेन आणि स्वतः सांगू शकत नसेन तर व्हेंटिलेटरसारखे नुसतं मरण लांबवणारे उपचार नकोत. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करायचं. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं लिहायची, एकापेक्षा जास्त लिहिता येतात. एक प्रत त्यांना द्यायची, एक फॅमिली डॉक्टरांना, आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेने नेमलेल्या कस्टोडियन अधिकाऱ्याकडे, म्हणजे हे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. तुमच्या वॉर्डात तो कोण आहे ते आरोग्य विभागात जाऊन विचारून या आणि बैठकीत सगळ्यांना सांगा, हे एक काम कोणीतरी अंगावर घ्यायलाच हवं.

वेळ आली की हॉस्पिटलमधलं एक डॉक्टरांचं मंडळ आणि मग दुसरं मंडळ बघतं, प्रत्येकात तीन डॉक्टर, आणि शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं असतं. घरच्यांची संमती लागते. लिव्हिंग विल लिहिलेलं नसलं तरी घरचे या मंडळांमार्फत जाऊ शकतात. दोन गैरसमज बैठकीत आवर्जून दूर करा: हे इंजेक्शन देऊन मरण आणणं नव्हे, ते आपल्याकडे बेकायदाच आहे. आणि उपचार थांबवले म्हणजे माणसाला तळमळत टाकलं असंही नाही, वेदना कमी करायचे उपचार चालूच राहतात. त्यासाठी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, काय असते ते लोकांना ऐकवा. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी जागा, पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे, टाटा हॉस्पिटलमध्ये त्याचा स्वतंत्र विभाग आहे. शेवटच्या दोन दिवसांत नाही, दुखणं सुरू झाल्यापासूनच तिथे जायचं असतं, हे आपल्याकडे माहीतच नसतं.

बाकीचं भराभर. नेत्रदान: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. आय बँकेला फोन करायचा, पंखा बंद करायचा, डोळे मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं, डायबिटीस असला तरी करता येतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. त्वचादानही साधारण तेवढ्याच वेळात. अवयवदान वेगळं, ते मुख्यतः हॉस्पिटलमध्ये मेंदूमृत्यू झाला तरच, आणि कार्ड भरलेलं असलं तरी त्या वेळी नातेवाइकांची संमती लागते, म्हणून कार्डापेक्षा घरी सांगणं जास्त कामाचं. देहदानाला जवळच्या मेडिकल कॉलेजचा शरीररचनाशास्त्र विभाग, पोस्टमॉर्टेम झालेला किंवा पोलिस केस असलेला देह साधारणपणे घेत नाहीत, म्हणून "नाही घेतला तर काय" हेही लिहून ठेवा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी ठेवता येतात, मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी पैसे ताब्यात घेणारा. घरी कोणी गेलं तर डॉक्टरचा मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, तो रात्री कोण देईल ते आधी ठरवा, आणि नोंदणी एकवीस दिवसांत.

गावात करायचं असेल तर

गावात खुर्च्यांचा गोल करायची गरज नसते, माणसं मातीला आणि सावडायला आपोआप जमतात. दहाव्याला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं होतात, पुढारी येतात. त्याच दिवशी विषय काढू नका, घरच्यांच्या दुःखावर आपला कार्यक्रम होतो. भजनी मंडळ, बचत गट, आणि ग्रामसभा या तीन जागा बघा. बचत गटात बायका फार मोकळ्या बोलतात, नवऱ्यामागे जमिनीचं काय, कर्जाचं काय, हे त्यांना माहीत करून घ्यायचं असतं.

ग्रामसभेत काय होऊ शकतं याचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. कोविडमध्ये तरुण बाप्ये गेले, मागे राहिलेल्या बायकांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि ४ मे २०२२ च्या ग्रामसभेने या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की माणूस गेल्यावर त्या घरातल्या बाईचं काय होतं हा प्रश्न गावाने सगळ्यांसमोर बोलायला घेतला. तुमच्या गावात ठरावापर्यंत जायची घाई नको, आधी बचत गटात बायकांना एवढंच विचारा की तुमच्या बाबतीत काय झालेलं नको, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्या मुलांच्या कानावर घाला. राख नदीत न सोडता शेतात, झाडाच्या खड्ड्यात घालायची पद्धतही कोल्हापूरकडे बऱ्याच गावांत रुजलीय, तो विषय सोपा आहे, सुरुवात त्यानेही करता येते.

मुलं परदेशी असलेल्यांनी

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत हा गट मोठा आहे. त्यांचा प्रश्न एकच असतो, मुलगा पोचेपर्यंत थांबायचं का? उत्तर आत्ताच ठरवा आणि मुलाला व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर सांगा. थांबायचं नसेल तर "माझ्यासाठी थांबू नका, ही माझी इच्छा आहे" हे आईवडिलांच्या तोंडून आलं की मुलाच्या मनातला सल पुष्कळ कमी होतो. थांबायचं असेल तर शवागार कुठे आहे, अग्नी कोण देईल, मुलगी देईल का, तेही. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी सुद्धा अशी बैठक घ्यावी, तिथे सासू-सासरे सहा महिने राहायला आलेले असतात आणि तिथेच काही झालं तर काय, हे कोणी बोलत नाही.

घरी विषय काढताना

बैठकीत सगळं जमतं, घरी जीभ अडते. अशा वेळी दुसऱ्याचा आधार घ्या, "आज संघात असं असं बोलणं झालं, मला वाटलं आपलंही बोलून ठेवावं." आईला विचारायचं असेल तर स्वयंपाकघरात, भाजी निवडताना, वडिलांना गाडीतून जाताना, समोरासमोर बसवून नको. पहिल्या वेळी "कशाला आत्ता" म्हणून उडवून लावतील, तर आग्रह करू नका, महिन्याने परत काढा.

एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर फोन नंबर, दुसऱ्यावर औषधं आणि डॉक्टर, मग हॉस्पिटलमध्ये काय हवं काय नको, मग दान, विधी, कोणाला कळवायचं, कोणती साडी नेसवायची तेही, आणि शेवटी बँक, विमा, नॉमिनी यांची यादी, पासवर्ड मात्र वहीत नको. प्रत्येक पानावर तारीख टाका, दरवर्षी दिवाळीनंतर एकदा उघडून बघा, मत बदललं असेल तर खोडून नवीन लिहा. वही लॉकरमध्ये ठेवू नका, रात्री उघडत नाही. कपाटात हाताशी ठेवा आणि कुठे ठेवलीय ते दोन माणसांना सांगा, त्यातलं एक माणूस त्याच गावात राहणारं असू द्या.